अडतीस पिवळ्या रिबिनी

त्या पहाटे मी सुगंधाकडे विरजण मागायला गेले, म्हणून मला हे सगळं ठाऊक. रात्री घरातलं विरजण संपलं आणि दूध तसंच राहिलं. सव्वासहा वाजले असतील. सुगंधा आमच्या समोरच्याच दारात राहते, दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्यासारखीच पाचला उठते. गेल्या डिसेंबरातली एकवीस तारीख, रविवार. मार्गशीर्ष अमावास्या आदल्या दिवशी सकाळीच सरलेली. मी तारखा विसरत नाही.

सिद्धेश, मोबाईल खाली ठेव बाळा. त्या धावणाऱ्यांच्या क्लबात नाव घालायचंय ना तुला? बूट पण आणलेस, पोपटाच्या रंगाचे. घाल नाव. आधी हे ऐक आणि मग घाल.

मुलुंडात हे लोक कधी उगवले देव जाणे. पहाटे चारला गल्लीतली कुत्री भुंकायला लागली की समजायचं, स्वारी निघाली. अंगाला चिकटलेल्या चड्ड्या, दंडाला मोबाईल, मनगटावर घड्याळ. ते घड्याळ सांगणार, तू किती दमलास. अरे, तुझा तुला कळत नाही? मग कुठेतरी जाऊन पत्र्याचं मेडल आणायचं आणि दातात धरून फोटो काढायचा, जसं काही सोनाराकडून पारखून घेतायत. आणि सोसायटीची लिफ्ट बंद पडली की हाच आपला पाचव्या मजल्यावरचा हर्षद खाली उभा राहून वॉचमनवर ओरडणार. डोंगर चढतो मेला, पाच जिने चढवत नाहीत.

हा हर्षद त्या क्लबाचा कॅप्टन. कांजूरमार्गला ऑफिसात असतो. दर हिवाळ्यात दूर सह्याद्रीत कसलीशी पन्नास किलोमीटरची शर्यत असते, तिची तयारी म्हणून हे लोक रात्री तीनला आपल्या मागच्या डोंगरात शिरायचे. अंधारात वाट चुकू नये म्हणून आदल्या संध्याकाळी झाडांना रिबिनी बांधून ठेवायच्या. वरच्या टोकापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं.

आता रिबिनी बांधल्या तर सोडायलाही कुणी हवं. आणि जो सगळ्यांत मागे पडेल, त्याच्या मागे कुणीतरी हवं. ह्या माणसाला ते स्वीपर म्हणतात. ते काम कुणाला नको, कारण टायमिंग बिघडतं. मग कुणाला पकडलं? सुगंधाच्या नवऱ्याला. चंदूला.

चंदू बसमध्ये कंडक्टर होता, पस्तीस वर्षं. निवृत्त झाला तरी कंडक्टरच राहिला. हातात स्टीलची बाटली, बोटात अंगठी. पुढचा माणूस थकून उभा राहिला की अंगठीने बाटलीवर एकदा वाजवायचा, टिंग. म्हणजे थांब, श्वास घे. मग दोनदा. टिंग टिंग. म्हणजे चला. एक बेल थांबा, दोन बेल चला. पोरं हसायची त्याला. पण त्याच्या पुढे असताना कुणी मागे राहिला नाही कधी.

मागच्या झाडाची रिबीन सोडायची, कमरेला खोचायची, पुढे निघायचं. घरी आणून धुवायचा सगळ्या आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायचा. चिमटे पुरत नसत म्हणून एका चिमट्यात दोन. सुगंधा म्हणायची, "अहो, चिमटे म्हणजे काय तुमच्या बसमधल्या सीटा? दोघं दोघं बसवताय ते."

तर त्या एकवीस तारखेच्या आदल्या वर्षी, डिसेंबरातच, हे बावीस जण वर गेले. एकवीस धावणारे आणि चंदू. खाली आल्यावर हर्षदने मोजलं. कसं मोजलं, तर छातीवरचे नंबर बघून, मोबाईलवर एकेक खूण करत. एकवीस नंबर, एकवीस खुणा. "सगळे आले," म्हणाला. फोटो काढला, इडली खाल्ली, घरी जाऊन झोपले.

चंदूच्या छातीवर नंबर नव्हता. स्वीपरला नंबर देत नाहीत.

आमच्या मालवणाकडे दशावतार बघून रात्री परतायचो, तेव्हा म्हातारी माणसं मोजणी मागून सुरू करायची. आधी शेवटच्याला हाक. त्याने "आलो" म्हटल्याशिवाय पुढच्याचं नाव नाही. आम्ही अडाणी माणसं, तरी आम्हाला तेवढं कळत होतं. ह्यांच्या घड्याळाला आभाळातले उपग्रह कळतात, पण मागचा माणूस कळला नाही.

अकरा वाजता पानं गोळा करणाऱ्या एका बाईला दिसला तो. पायवाटेवरच्या सपाट कातळाला टेकून बसलेला. कमरेला रिबिनी, हातात बाटली. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असेल, पण सातपर्यंत तरी जीव होता.

सातला हे इडली खात होते.

आणि हर्षदने सुगंधाला येऊन काय सांगावं? "काकू, काकाच म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी सावकाश येतो."

तिने ते खरं मानलं. वर्षभर ती बाई मेलेल्या नवऱ्याशी भांडली. फोटोला हार घातला नाही. मी म्हणायचे, सुगंधा, अगं असं करू नये. तर म्हणायची, "त्यांना कोणी सांगितलं होतं एवढी फुशारकी मारायला? पुढे व्हा म्हणे. माझा विचार नाही आला मनात?"

"मग आजी, त्या एकवीस तारखेला काय झालं?"

सांगते ना. घाई तुझी. ह्या क्लबाची हवा लागली वाटतं.

त्या रात्री क्लब पुन्हा वर गेला. वर्ष झालं, दुखवटा संपला. ह्या वेळी रिबिनी पिवळ्या, नव्या कोऱ्या, अडतीस. स्वीपर व्हायला कुणी तयार नाही. ठरलं, उजाडल्यावर दोन पोरं जाऊन रिबिनी काढून आणतील.

वरच्या टोकाला हर्षदच्या पोटरीत गोळा आला. बाकीचे म्हणाले, "कॅप्टन, ये तू आरामात. खाली भेटू." आणि गेले. त्याच्यासाठी कोण थांबणार? त्यानेच शिकवलेली माणसं.

पावणेपाच वाजले होते. हे त्याने मला स्वतः सांगितलं. घड्याळात बघितलं होतं त्याने. पोटरी चोळत बसला. डोक्याला बांधलेल्या दिव्याचा उजेड पडेल तेवढंच दिसत होतं. समोर करवंदीच्या जाळीवर पिवळी रिबीन.

उठला. लंगडत निघाला. दहा पावलं गेला असेल.

मागून आवाज आला. टिंग टिंग.

त्याला वाटलं, कुणाची तरी बाटली. म्हणाला, "कोण रे? सुयोग?"

कुणी बोललं नाही.

मान वळवून दिवा मागे टाकला. वाट रिकामी. करवंदीची जाळी तिथेच.

रिबीन नव्हती.

वाऱ्याने उडाली असेल म्हणाला. वारा नव्हता. पुढे चालू लागला. पुढच्या झाडावर रिबीन होती, ती बघितली, हात लावून बघितली, पक्की गाठ. ओलांडून गेला. पाच पावलं. मागे बघितलं.

नाही.

मग तो धावला. पोटरी ओरडत होती, तरी धावला. मागून बुटांचा आवाज... घाई नाही, काही नाही. सावकाश. ह्याच्या पावलांइतकाच. तो थांबला की...

टिंग.

आणि शांत.

तो निघाला की, टिंग टिंग.

कधी जवळ आला नाही तो आवाज. कधी लांबही गेला नाही. स्वीपर पुढे जात नाही रे. शेवटच्याच्या मागेच राहतो. तोच तर नियम.

हर्षद रडत होता म्हणे. एवढा बाप्या. मागे बघायचं सोडलं त्याने. फक्त पुढची रिबीन. मग पुढची.

मग तो सपाट कातळ आला.

टिंग.

एकच.

तो पळणार होता. पायच उचलेना. उभा राहिला. डोक्याचा दिवा मिणमिणला... गेला. मिट्ट काळोख. मागे कुणीतरी श्वास घेत होतं. दमलेल्या माणसाचा श्वास. थांबत... थांबत...

किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. घड्याळ होतं मनगटावर, पण बघायची छाती झाली नाही.

शेवटी तो बोलला. "काका... मी मोजलं नाही तुम्हाला."

काही नाही.

"काकूंना खोटं सांगितलं. तुम्ही तसं म्हणाला नव्हता."

मागे तोच श्वास...

"आज सांगतो. घरी जाऊन आधी तेच सांगतो."

बराच वेळ गेला.

मग... टिंग टिंग.

खाली आला तेव्हा सगळे फोटो काढून मोकळे झाले होते. कॅप्टन फोटोत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याशी एक शब्द न बोलता तो तडक इथे आला.

मी वाटी हातात घेऊन सुगंधाच्या स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात हा. तोंड पांढरं, गुडघ्यापर्यंत धूळ. आत येऊन खाली फरशीवरच बसला आणि वरपासून खालपर्यंत सगळं सांगितलं. मघाशी तुला सांगितलं तसंच. रिबिनीचं, बेलचं. आणि ते खोटं.

सुगंधाने गॅस बंद केला. म्हणाली, "म्हणजे ते म्हणालेच नव्हते?"

"नाही काकू. मी त्यांना विसरलो होतो."

"विसरलास."

तिने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वर्षभर शिव्या दिल्या हो मी तुम्हाला." एवढंच.

सात वाजायला आले होते. हर्षदचा फोन वाजला. समोरचा पोरगा मोठ्याने बोलत होता, मला इथपर्यंत ऐकू आलं. "अरे कॅप्टन, रिबिनी तू काढल्यास काय? आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत आलो, एकही नाहीये यार."

हर्षदने माझ्याकडे बघितलं. हात पुढे केले. रिकामे.

सुगंधाला आत गुदमरायला लागलं. ती गॅलरीकडे गेली. रात्री आतून घातलेली कडी तिने माझ्यासमोर काढली. बाहेर लोखंडी जाळी, तिला कुलूप. दुसरा मजला.

दार उघडलं आणि ती तिथेच थांबली.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं.

दोरीभर रिबिनी. पिवळ्या. मी मोजल्या, सिद्धेश. मागून मोजत आले. अडतीस.

धुतलेल्या. पाणी ठिबकत होतं अजून फरशीवर.

एकेका चिमट्यात दोन दोन.