दबक्याच्या पोत्यावरची हिरवी पट्टी

लेकीच्या बाळंतपणासाठी डिंक आणायला मी खापरच्या बाजारात गेले आणि डिंकाबरोबर एक कुत्रं घेऊन आले. साल एकसष्ट.

कापसाच्या गाडीच्या चाकाआड ते दबकून बसलं होतं. माणसाची सावली पडली तरी थरथरायचं, हात पुढे केला की दात काढायचं. डिंकवाला म्हणाला, मार खाऊन बिघडलेलं आहे, सोडून द्या. सोडून देणारी बाई मी नव्हे, हे त्याला काय ठाऊक. नवरा गेल्यावर तापीकाठची केळीची बाग मी एकटीने राखली, मळ्यातल्या घरात एकटीने राहिले, पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. कुत्र्याचं मन वाचणं त्याहून अवघड नसतं. त्याचं नाव ठेवलं दबक्या.

कुत्रं मला हवं होतं ते रंजनासाठी. माझ्या लेकीचं पहिलं लेकरू जन्मताच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला ती माझ्याकडे येणार होती, आणि मळ्यात कोल्हे पार ओट्यापर्यंत यायचे. राखणीला कुत्रं हवंच. पण ते सुईणीलाच चावलं तर? शेजारच्या मळ्यातला मगन, माझा चुलत दीर, पहिल्याच दिवशी कुंपणावरून बजावून गेला, "वहिनी, हाई कुत्रं कोनले चावनं ना, ते मी त्याले जित्तं ठेवाव नही."

मग मी माझी रीत काढली. भित्र्या जनावराला आधी माणूस दाखवायचा नाही, आधी वास द्यायचा. आमच्यात बाळाची पहिली गोधडी मागून आणलेल्या जुन्या, मऊ लुगड्यांची शिवतात. भरपूर जगलेल्या, लेकराबाळांच्या बायकांची लुगडी आणायची, म्हणजे त्यांचं आयुष्य लेकराला लागतं. जिचं लुगडं आणलं, त्यातली एक पट्टी फाडून मी दबक्याच्या पोत्यावर टाचायची. काही दिवस तो त्या वासावर निजला, की त्या बाईला दिवेलागणीला बोलवायची. तिने त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. अंगणात उकिडवं बसून मागच्या मागे भाकरीचा तुकडा धरायचा. दबक्या पोटावर सरकत यायचा, हुंगायचा, तुकडा उचलायचा. मग कुठे शेपूट हलायची.

सुईण रूपलीबाई आली, तिला त्याने ओळखलं. मगनची बायको तुळशीबाई आली, तिच्या तर पायाशी लोळला. भुंकला की मी तोंडावर बोट ठेवायची. तेही तो शिकला. शेवटी मगनलाही म्हणावं लागलं, "कुत्रं मानूसमा उनं, वहिनी." मी तोऱ्यात म्हटलं, तुला माणसांत आणायला तुझ्या आईला याहून जास्त दिवस लागले होते.

रंजना आली तेव्हा तिला नववा लागला होता. एका संध्याकाळी ती ओट्यावर वाती वळत होती आणि मी बागेला पाणी सोडून परतत होते. केळीचं पान वारा नसला तरी कुठेतरी फडफडतंच. त्या दिवशी एकही पान हलत नव्हतं. पाटाचं पाणी तेवढं मातीत जिरत होतं, त्याचा चुळचुळ आवाज. दबक्या अंगणाच्या टोकाशी उभा होता, केळीच्या काळोखाकडे तोंड करून. शेपूट हलत होती. मग तो पोटावर सरकत पुढे गेला, मान लांब केली, आणि हातातून उचलावं तसं काहीतरी अलगद उचललं.

तिथे कुणी नव्हतं.

"माय," रंजना म्हणाली, "ओवानी धुरी कोनी दिधी?"

वास मलाही आला होता. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात, तिच्यावरच्या ओव्याचा, शेपेचा गरम वास... केळीच्या आतून येत होता.

मी दबक्याचा जबडा उघडला. डिंकाचा लाडू होता, अर्धा, तुपाने ओला. माझ्या घरात लाडू अजून वळलेच नव्हते. डिंकाची पुरचुंडी उतरंडीवर जशी आणली तशी बांधलेली होती.

लेकीला म्हटलं, तुळशीने टाकला असेल. ती निजल्यावर मी पोतं उजेडात आणलं आणि एकेक पट्टी बघत गेले. ही येऊन गेली, हीही येऊन गेली. एका हिरव्या पट्टीची बाई मात्र अजून आली नव्हती. तुळशीबाईने दोन लुगडी दिली होती, एक स्वतःचं आणि एक सासूचं म्हणून. सासूचे पाय गेलेले, म्हणून तिला बोलवायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मी मगनच्या घरी गेले. म्हातारीने ती बोटांनी चाचपली आणि निखारा लागावा तशी टाकून दिली. हे माझं नाही, म्हणाली, हे दगूचं.

दगूबाई म्हणजे मगनची पहिली बायको. बांधावरच्या खोपटात, पहिल्याच बाळंतपणात, लेकरासकट गेली होती. ते खोपट आता मोडलंय. जागा माझ्या केळीच्या पहिल्या ओळीला लागून.

मेलेल्या सवतीच्या नावाने गळ्यात घातलेल्या चांदीच्या टाकावर तुळशीबाईचा हात गेला. "पेटीमा पार तळाले व्हतं, बाई... मी सासूनंच समजनू. जाळी टाका ते."

मी जाळणार होते. पण घरी पोचते तो रंजनाला कळा लागलेल्या.

दिवस कलला तरी सुटका होईना. रूपलीबाई आत, मी उंबऱ्याशी पाणी तापवत. दबक्या माझ्या शेजारी येऊन बसला. खोलीत बघत होता, पण रंजनाकडे नाही, रूपलीबाईकडे नाही. कोपऱ्यात रिकामा पाळणा टांगला होता, त्याच्या जरा वर, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर त्याची नजर. शेपूट जमिनीवर आपटत होती. थप... थप... तो भुंकला असता तर मला बरं वाटलं असतं. पण भुंकू नको, हे मीच शिकवलं होतं.

लेकरू बाहेर आलं. रडलं नाही.

रूपलीबाईने पाय धरून उलटं केलं, पाठ चोळली. नाही. "बाई," ती हळूच म्हणाली, "इथं अजून कोन शे?"

पाळण्यात नवी गोधडी अंथरलेली होती आणि तिच्या मधोमध हिरवा चौकोन. मी ती ओढून घेतली, विळ्याने टाके उसवले, हिरवं कापड कमरेला खोचलं. आणि कोपऱ्याकडे बघून बोलले. घाबरून नव्हे, बजावून. "दगू, जिथं तुझं कापड तिथं तुझी जागा. माझ्या अंथरुणात ये. लेकराच्या नाही."

कमरेभोवती गारठा फिरला, ओल्या हातांनी धरावं तसा. दबक्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघू लागला. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागे.

मग पोर रडली.

ते कापड मी माझ्या गोधडीत शिवलं. तुळशीबाई म्हणायची, जाळा. मी म्हणायची, जाळलं तर ती बसणार कुठे? बोलावलंय मी, जागा मीच देणार. दबक्या जगला तोवर दिवेलागणीला माझ्या खाटेशी यायचा आणि शेपूट आपटायचा. मी कूस वळवून थोडी जागा करायची. लोकांना काय हसायचं ते हसू दे. पोर जगली, ते माझ्या रीतीने जगली.

त्या पोरीचं नाव सिंधू. आता पुढच्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी ह्याच घरी येतेय. म्हणून मी परवा एक पिल्लू आणलं. भित्रं आहे, माझ्यावरही भुंकतं. त्याच्या पोत्यावर अजून एकही पट्टी टाचलेली नाही.

काल दिवेलागणीला ते गप्प झालं. अंगणाच्या टोकाशी गेलं, केळीकडे तोंड केलं आणि शेपूट हलवू लागलं.

मी आत येऊन माझी गोधडी उलगडली. हिरव्या चौकोनाभोवतीचे माझे टाके एकही न तुटता जागच्या जागी आहेत. मधलं कापड नाही.