रविवार सोडून

"माझी वहिनी आमच्या आबांना मारतेय," खुर्चीत टेकायच्या आतच ती म्हणाली. "हळूहळू. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. शेजारी त्यांचे यजमान वही उघडून बसले. ते निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. डोकं मात्र जरा सावकाश चालायचं, आणि हे ते स्वतःच सांगत.

आलेली बाई एका बेकरीवाल्याची लेक होती. आबांचं वय एकाहत्तर. ठोके कधी फार मंद, तर कधी सुसाट, असा त्यांचा आजार. गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. ते मशीन आणि रोजची एक गोळी, यावर दहा महिने छान गेले. दोन महिन्यांपूर्वी औषधांचं काम सुनेने हातात घेतलं आणि आबांना चक्कर यायला लागली. परवा ते भट्टीपाशीच कोसळले. हात भाजला. जिवावरचं हातावर निभावलं.

"हे बघा." लेकीने कागद पुढे केला. पेसमेकरमधून काढलेल्या नोंदी होत्या. "दोन महिन्यांत एकवीस वेळा हृदय सुसाट धावलं. रविवारी एकदाही नाही! शनिवारी रात्री मी माहेरी येते. रविवारी गोळी मी देते. आता बोला."

"खालचं पण वाचा की," म्हणत बाईंनी स्वतःच वाचलं. "मशीनने राखायचे किमान ठोके, मिनिटाला साठ. रात्री दहा ते सकाळी सात, पन्नास. हा बदल दोन महिन्यांपूर्वीचा."

"ते झोपेसाठी केलंय. त्याच तपासणीत डॉक्टर म्हणाले, सात खणांची डबी करा, कुणीतरी एकाने बघा. वहिनीचं फावलं! भाऊसुद्धा तिच्याशी बोलत नाही आता. उद्या मी पोलिसांत जाणार."

"उद्या ना? मग आज आम्ही येतो."

रस्त्यात मास्तर म्हणाले, "अगं, सोपं आहे. सहा दिवस सून, सहा दिवस त्रास. सातव्या दिवशी लेक, की आराम."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला. सातव्या दिवशी आणखी काय वेगळं असतं, ते आधी विचारू या."

घर बेकरीच्या वरच होतं. लेक आधीच तिथे पोचली होती. सून ओट्यापाशी उभी राहूनच बोलली. रडून रडून आवाज बसला होता.

"रात्री गोळी वाटीत काढून त्यांच्या उशाशी ठेवते. ते पहाटे चारला उठतात, साडेचारला खाली जातात. मी सहाला उठते तेव्हा वाटी रिकामी असते."

"त्यांना गिळताना पाहिलंयस?"

"नाही. वाटी रिकामी असते ना."

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने डबीतल्या गोळ्या पाहिल्या. "चोख आहेत. तीच कंपनी, तीच ताकद."

मुलगा खाली पाव मोजत होता. "आबांना म्हटलं, आता आराम करा. ऐकतील तर शपथ! फक्त रविवारी बेकरी बंद, तेव्हा आठपर्यंत झोपतात."

"रविवारी गोळी कशी घेतात?" बाईंनी लेकीला विचारलं.

"चहाबरोबर. हातात दिली की थांब म्हणतात, मनगट धरून मिनिटभर घड्याळाकडे बघत बसतात, मग गिळतात. म्हातारपण, दुसरं काय?"

आबांच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून डॉक्टरांची एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवली होती. मास्तरांनी ती उतरवून घेतली: नाडी मोजून गोळी घ्यावी. साठाच्या खाली असल्यास घेऊ नये. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती.

"आबा, गोळ्या वेळेवर घेता ना?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितल्याबाहेर मी एक पाऊल टाकत नाही," आबा ताठ मानेने म्हणाले.

बाईंनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"सुनेने काहीही केलेलं नाही. आबा, न घेतलेल्या गोळ्या कुठे ठेवल्यात? बेकरीवाला माणूस काही फेकत नाही."

आबांनी पलंगाखालून यीस्टचा रिकामा डबा ओढला. मास्तरांनी मोजल्या. एक्कावन्न निघाल्या.

"पण का?" मास्तर गोंधळले.

"ही चिठ्ठी पेसमेकरच्या आधीची. तेव्हा ती बरोबर होती. मशीन बसल्यावरही आबा नाडी मोजत राहिले. तेव्हा नाडी साठाच्या खाली जात नव्हती, म्हणून गोळी पोटात जात होती. दोन महिन्यांपूर्वी मशीन रात्रीपुरतं पन्नासवर आलं. पहाटे चार म्हणजे आबांचा दिवस, पण मशीनची रात्र! नाडी पन्नास लागायची, गोळी डब्यात जायची. रविवारी आठला उठले की नाडी साठ, गोळी पोटात."

"पण मशीन आहे ना आत?" मुलगा म्हणाला.

"मशीन ठोके मंद होऊ देत नाही. सुसाट सुटलेल्यांना आवरायचं काम गोळीचं. दोन्ही लागतात. आता डॉक्टरांना फोन करा, ही चिठ्ठी दाखवा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला एकही जास्तीची घ्यायची नाही."

फोन झाला. डॉक्टरांनी लगेच बोलावलं. लेक पुटपुटली, "वहिनी, चुकलंच माझं."

सुनेने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आबा, ताई मला काय काय बोलल्या, ते तुम्ही ऐकत होतात. वाटीतली गोळी डब्यात तुम्ही टाकत होतात. एकदा तरी तोंड उघडायचं!"

"नाडी कमी लागते हे कळलं असतं, तर तुम्ही माझं खाली जाणं बंद केलं असतं."

"आणि माझं घर सुटलं असतं, ते चाललं असतं?"

आबांची मान खाली गेली. "यापुढे तुझ्यासमोर घेईन. तुझ्याच हातची."

"ते नंतर. आधी यांना सांगा, मी काही केलं नाही म्हणून. तुमच्या तोंडाने सांगा."

आबा पलंगाला धरून उठले. मुलाकडे आणि लेकीकडे बघत त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला. "हिने काही केलं नाही. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो."

तेव्हा कुठे सून मोकळेपणाने रडली.