रिकामी फेरी

सोमवारी सकाळी इतकं लख्ख ऊन पडलं होतं, की वहिनींनी रोपवेच्या खालच्या स्टेशनाच्या कठड्यावर रजया वाळत घातल्या. दुपारी गारा पडल्या, पाठोपाठ धुकं उतरलं आणि रजया होत्या त्याहून ओल्या होऊन घरात आल्या. या हवेचं काही खरं नाही, असं वहिनी पुटपुटल्या, आणि पुढे आठवडाभर हवेनं त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही.

वहिनी म्हणजे मशीन चालवणारी बाई. रोपवेचा मेकॅनिक त्यांचा सख्खा धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणू लागले, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे कामगारसुद्धा. नवरा वरच्या स्टेशनात. शिखरावरच्या टॉवरपाशी हिवाळ्यात एक माणूस लागतोच, आणि त्याची पाळी रविवारी संपली होती. पण वर वारा किंवा दरीत धुकं असताना ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, असा नियम. त्यामुळे तो वर अडकला, त्या खाली, मध्ये दरी. दोघांना जोडणारा एक फोन होता, तोही मनात आलं तर बोलायचा.

रिकामी ट्रॉली मात्र रोज चालवावीच लागे. दोर नुसता टांगलेला राहिला तर त्यावर बर्फ धरतं, म्हणून दुपारी ट्रॉली रिकामी वर जायची आणि रिकामीच खाली यायची. ती फलाटाला लागली, की मशीनच्या खोलीतला मोठा गोल काटा आतला भार किलोत दाखवायचा. काटा शून्यावर नसेल, तर आत काय आहे ते कळल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत. कारण अगदी साधं होतं. ट्रॉलीनं हेलकावे खाऊ नयेत म्हणून कधी कधी आत वाळूची गोणी टाकतात, आणि ती दाराला टेकलेली असली तर पायावर पडते.

त्या सोमवारी काटा दहाच्या जरा पुढे थांबला. नवऱ्यानं लहानशी गोणी टाकली असेल, असं म्हणत वहिनींनी काचेतून डोकावून पाहिलं. आत काहीच नव्हतं. त्यांनी दार उघडलं तसा काटा सावकाश शून्यावर गेला. टपावरचं बर्फ गळून पडलं असेल. संध्याकाळी फोनवर त्यांनी गोणीचं विचारलं, तर नवरा हसला. गोणी उचलून कंबर कुणी मोडून घ्यायची, म्हणाला. मग म्हणाला की आज जेवण जात नाहीये, पण बरं वाटतंय, अंगात जडपणा नाही.

मंगळवारी उबदार वारा सुटला. छपरावरचं बर्फ वितळून दिवसभर पागोळ्या गळत होत्या, आणि हिवाळ्याच्या ऐन मध्यात मातीचा वास येत होता. तो वहिनींना आवडला नाही. दुपारी काटा तिशीला टेकला. ट्रॉली रिकामी होती. टपावर बर्फाचा कणही नव्हता. त्यांनी दार उघडलं, काटा उतरला, आणि फलाटाची पहिली फळी कुरकुरली.

ती फळी जुनी आणि सैल होती. कुणीही उतरलं की कुरकुरायची. नवऱ्याच्या पायाखाली तर ती चक्क कण्हायची, कारण तो अंगानं भरभक्कम, आणि डाव्या टाचेच्या जुन्या दुखापतीमुळे एक पाय घासत चालणारा. पण त्या वेळी वहिनी स्वतः फळीवर नव्हत्या. त्या दाराच्या दांड्यापाशी, चार हात लांब उभ्या होत्या.

बुधवारी त्यांनी दिराला बोलावलं. त्यानं काट्याची मागची झाकणं उघडली, तारा तपासल्या, स्वतः ट्रॉलीत उभं राहून पाहिलं. त्याचं वजन काट्यानं बिनचूक दाखवलं.

"काटा ठणठणीत आहे, वहिनी," तो म्हणाला. "डोकं तपासायचं असेल तर तेवढा पाना माझ्याकडे नाही."

वहिनी हसल्या. त्यांना हसायला हवंच होतं. तेवढ्यात फेरीची वेळ झाली. पुन्हा गारठा पडला होता आणि धुकं एवढं दाट, की ट्रॉली अगदी फलाटाशी आल्यावरच दिसली. काटा पंचावन्नवर गेला. दिरानं बॅटरी घेऊन ट्रॉलीच्या खाली, वर, बाकाखाली पाहिलं आणि मग स्वतःच दार उघडलं. फळी कुरकुरली. तो फळीकडे बघत राहिला, मग म्हणाला की थंडीनं लोखंड आकसतं. चहा न घेताच तो निघून गेला. बोलावलं तर दोन कप पिऊन जाणारा माणूस.

त्या दिवशी वहिनी घरी आल्या, तेव्हा वेताची खुर्ची खिडकीकडून चुलीकडे वळलेली होती. ती नवऱ्याची खुर्ची, त्याला पाय शेकत बसायला आवडायचं. आपणच झाडताना सरकवली असेल, असं त्यांनी मनाला बजावलं. मनानं ऐकलं नाही. खुर्चीचा वेत मधोमध खाली गेलेला होता, आणि त्या बघत असताना तो करकरत हळूहळू वर आला.

भीती आता उघड उघड त्यांच्या उरावर बसली. पण ती स्वतःपेक्षा नवऱ्यासाठी जास्त होती. कारण गुरुवारी फोनवर त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा दबका येत होता. तो म्हणाला की सकाळी बाहेर पाऊल टाकलं, तर वाऱ्यानं त्याला उचलून पार भिंतीपर्यंत नेलं. हे तो हसत सांगत होता. ज्या माणसाला दोन जणांनी मिळून हलवता येत नसे, तो.

"घाबरू नकोस गं," तो म्हणाला. "मला काही दुखत नाही."

त्या दुपारी गारांचा मारा होता. काटा सत्तरीच्या जवळ गेला. वहिनींनी ठरवलं होतं, दार उघडायचं नाही. पण दार बंदच ठेवलं, तर ते रातोरात बर्फानं जखडून गेलं असतं, मग नवऱ्याला आणायचं कशातून? त्यांनी डोळे मिटून दांडा ओढला.

शुक्रवारी वारा पडला. आभाळ शिशासारखं खाली आलं होतं आणि रेडिओवर सांगत होते, की संध्याकाळपासून मोठं वादळ, चार-पाच दिवसांचं. नवऱ्याला आणायचं तर आजच. दीर सकाळीच येऊन मशीनला तेल घालून बसला होता. नियमाप्रमाणे आधी रिकामी फेरी झाली. ट्रॉली खाली आली, फलाटाला लागली.

काटा ब्याऐंशीवर उभा होता.

हा आकडा दोघांनाही पाठ होता. नवरा ट्रॉलीत बसला की वहिनी मशीनच्या खोलीतून मोठ्यानं ओरडायच्या, "ब्याऐंशी! आजपासून दोन घास कमी!" आणि सगळं स्टेशन हसायचं.

फोन वाजला. आवाज इतका बारीक होता, की वहिनींना श्वास रोखून ऐकावं लागलं.

"मला खाली घे. इथं पाय टिकत नाहीत."

"घेते हो," वहिनी म्हणाल्या. "लगेच घेते."

ट्रॉली तर पाठवायची होती. पण तिच्यात जे काही बसलं होतं, ते तसंच वर पाठवायचं? त्या एकट्या, दमलेल्या माणसाकडे?

"तशीच पाठवा, वहिनी," दीर हलकेच म्हणाला. "दार उघडू नका. मला काही ठीक वाटत नाही."

वहिनींना ते पटेना. जे काही असेल ते आपल्याकडे राहू दे, नवऱ्याजवळ नको, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी दार उघडलं.

फळी कण्हली. मग फलाटावरून पावलं गेली, एक सरळ आणि एक घासत. घराच्या वाटेकडे.

डाव्या टाचेला जुनी दुखापत असलेला माणूस तसा चालतो.

वहिनींनी मान वळवली नाही. काटा शून्यावर आला होता. त्यांनी ट्रॉली वर सोडली.

ती परत आली, तेव्हा काचेमागे नवरा दिसला. कोट, कानटोपी, गळ्यात मफलर. तो हात हलवत होता. वहिनींना रडू फुटलं. त्या दांड्याकडे धावल्या, पण दिरानं त्यांचा हात धरला. तो काट्याकडे बघत होता.

काटा शून्यावर होता.

वहिनींनी हात सोडवून दांडा ओढला आणि नवरा बाहेर आला. फळीवरून चालत आला. फळीनं हूं की चूं केलं नाही.

"आलो एकदाचा," तो म्हणाला.

दीर मागे सरकून भिंतीला टेकला. वहिनींनी नवऱ्याचा कोपर धरला. हाताला फक्त लोकरीची बाही लागली. त्यांनी ती दाबून पाहिली नाही. तसं पाहायचं त्यांना धैर्यच झालं नाही.

दोघं घराकडे चालू लागले. बर्फाचे पहिले कण पडू लागले होते. नवरा एकसारखं बोलत होता, चुलीबद्दल, गरम पाण्याबद्दल. खुर्चीत बसून पाय शेकायचे म्हणाला.

वहिनींनी दार ढकललं. आतून कडी होती.

आत वेत करकरला. कुणीतरी जड माणूस खुर्चीतून उठला. एक पाऊल सरळ, एक घासत, दाराकडे येऊ लागलं.

नवऱ्यानं ऐकलं. परक्याच्या घरी आल्यासारखी त्यानं कानटोपी काढून हातात घेतली.

"आत कुणी आहे वाटतं," तो म्हणाला. "बरं, मी नंतर येतो."

वारा सुटला. वहिनींनी ती बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आतून कडी निघाली.