डावी सीट

क्लबच्या ट्रॅकवर उतरण्याआधी प्रत्येक गाडीला काट्यावर चढावं लागे. चार चाकांखाली चार सपाट पाट्या, समोर आकडे दाखवणारी एक पेटी, आणि पेटीशेजारी घडीच्या खुर्चीत काटाकाका. त्यांचं खरं नाव क्लबात कुणालाच आठवत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली होती. दुकानदाराच्या तराजूत दहा ग्रॅमचा फरक असला तरी तो त्यांना नुसत्या नजरेनं कळायचा, असं लोक म्हणायचे. ते खोटं होतं, पण काकांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

क्लबात ते आले लेकीपायी. लेक जमीनमोजणीचं काम करायची. तिनं एक जुनी, दोनच सीटची लाल स्पोर्ट्स कार भंगारातून उचलली होती, आणि दोन वर्षं दर रविवारी बापलेकीनं मिळून ती उभी केली होती. चणीनं लहान म्हणून काका तिला चिमणी म्हणत. हळूहळू सगळा क्लबच म्हणू लागला.

त्या दिवशी हंगामातली पहिली शर्यत होती. ऊन छान पडलं होतं. पत्र्याच्या शेडखाली चहा चालला होता, बायकापोरं आली होती, टायर आणि पेट्रोलचा वास सगळीकडे भरला होता. क्लबचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. हातात कप घेऊनच ते एका पाटीवर उभे राहिले.

"किती भरलो, काका?"

"एकसष्ट."

"बायको म्हणते, लग्नात होतात तेवढेच आहात."

"डॉक्टर, वारा सुटला की गाडीतून उतरू नका म्हणजे झालं," काका म्हणाले, आणि सगळे हसले.

चिमणीची गाडी चढली. रिकामी नऊशे ऐंशी. चिमणी बसल्यावर एक हजार सदतीस. काकांनी वहीत लिहिलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. ते प्रत्येक वेळी टाकी भरूनच वजन घेत, म्हणजे जळलेल्या पेट्रोलचा घोळ नको.

ट्रॅकची एक फेरी दोन किलोमीटर सहाशे मीटरची. पाच फेऱ्या मारून चिमणी परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

"बाबा, तिसऱ्या वळणावर गाडी डावीकडे दबली. एकदाच. कुणी शेजारी येऊन बसल्यावर दबते ना, तशी."

"स्प्रिंग बघायला हवी," काका म्हणाले.

टाकी भरून त्यांनी गाडी काट्यावर घेतली. एक हजार सदतीस. वजन बरोबर होतं, पण उजवी बाजू हलकी झाली होती आणि डावी भारी. काकांनी चिमणीला उतरायला सांगितलं. रिकाम्या गाडीचा आकडा आला नऊशे त्र्याण्णव.

त्यांनी पाट्या पुसल्या. वीस किलोची लोखंडी वजनं आणून चारही पाट्या तपासल्या. बरोबर वीस, चारही वेळा. मग गाडीत डोकं घालून पायाखालची चटई उचलली, सीटखाली हात फिरवला, डिकी उघडली. काही नव्हतं. फक्त डाव्या सीटची गादी मधोमध खोलगट दिसत होती. काकांनी तिच्यावर तळहात ठेवला. चामडं गरम होतं. शेजारच्या सीटवरून चिमणी नुकतीच उठली होती, तरी ती सीट मात्र गार होती.

तेरा किलो वजन गाडीत आलं कुठून? आणि आलं होतं, तर चिमणीसकट आकडा तेवढाच कसा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सुचलं होतं. त्यांनी ते मनातच दाबून टाकलं. तीस वर्षांत त्यांनी असल्या उत्तराला कधी थारा दिला नव्हता.

दुपारी शेडखाली जेवणाची पंगत बसली. कुणाचं इंजिन तापलं, कोण कुठल्या वळणावर घसरला, हसणं-खिदळणं चाललं होतं. चिमणी दोनदा वाढून घेत म्हणाली, "काय माहीत, आज पोटच भरत नाहीये. पण अंग इतकं हलकं वाटतंय!" ती उठून पाणी आणायला गेली. शेडभोवती खडी पसरलेली होती. इतरांच्या पायाखाली ती करकरत होती. चिमणीच्या पायाखाली तिचा आवाज नुसता खुसपुसल्यासारखा येत होता.

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"दुसऱ्या खेपेला जाऊ नकोस," ते हळूच म्हणाले.

"बाबा! दोन वर्षं घासलीय ती गाडी."

चारचौघांत काय सांगणार? त्यांनी तिला जाऊ दिलं. पुढे कित्येक वर्षं त्यांना या एका गोष्टीसाठी स्वतःला माफ करता आलं नाही.

पाच फेऱ्या झाल्या. गाडी थेट काट्यावर आली. चिमणी आता हसत नव्हती.

"बाबा, मी कुणाशी बोलत होते?"

"म्हणजे?"

"तिसऱ्या वळणापासून माझी बडबड चालू होती. शेवटच्या फेरीत लक्षात आलं."

काकांनी टाकी भरून रिकाम्या गाडीचं वजन घेतलं. एक हजार सहा. मग चिमणीचा दंड धरून तिला एकट्या पाटीवर उभं केलं. सकाळची सत्तावन्न किलोची धडधाकट पोर, तशीच दिसणारी, तेवढ्याच उंचीची.

एकतीस.

काकांनी वहीतले आकडे पुन्हा पाहिले. तेरा किलोमीटर, तेरा किलो. पुन्हा तेरा किलोमीटर, पुन्हा तेरा किलो. चालवणाऱ्याकडून शेजारी बसलेल्याकडे. एका झटक्यात त्यांना सगळा हिशोब लागला, आणि तो लागल्याची त्यांना भीती वाटली.

त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. डॉक्टरांनी चिमणीची नाडी पाहिली, डोळे पाहिले. "ठणठणीत आहे हो. तुमचा काटा बिघडलाय, आणि तुम्हाला ऊन लागलंय. सावलीत बसा."

काका सावलीत बसले नाहीत. त्यांनी हेल्मेट उचललं.

"तू डावीकडे बस," ते चिमणीला म्हणाले. "मी चालवतो."

"तुम्ही? का पण?"

"बस म्हणतोय ना."

ती बसली, आणि बसताक्षणी ताठ झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा. इथे कुणीतरी आहे."

"माहितीय."

"माझ्या मांडीवर बसलंय."

काकांनी गिअर टाकला. गाडी ट्रॅकवर आली. समोर बघत, दात आवळून ते त्या सीटला म्हणाले, "माझं घे. तिचं तिला परत दे."

पहिल्या फेरीत काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या फेरीत तिसरं वळण आलं आणि गाडी डावीकडे दबली.

मग त्यांना जाणवू लागलं. स्टिअरिंग जड झालं. खड्ड्यावर अंग सीटवरून उचललं जाऊ लागलं. पट्टा ढिला झाला, त्यांनी एका हातानं तो ओढून घट्ट केला. पुढच्या फेरीला तो पुन्हा ढिला झाला.

"बाबा, ते सरकतंय," चिमणी म्हणाली. "बाजूला सरकतंय."

"सरकू दे."

"तुमच्याकडे बघतंय."

काकांनी मान वळवली नाही.

सहा. सात. आठ. कडेला उभे असलेले लोक झेंडे हलवून त्यांना थांबायला सांगत होते. नऊ.

दहा.

काट्यावर चिमणी उभी राहिली. सत्तावन्न. पाटी तिच्याखाली ओळखीच्या आवाजात कुरकुरली, आणि काकांना रडू फुटलं. त्यांनी स्वतः पाटीवर पाय ठेवला. सकाळी त्र्याहत्तर होते, आता सत्तेचाळीस. ठीक होतं. बोली त्यांचीच होती.

शेवटी टाकी भरून रिकामी गाडी. त्यांनी आकड्यांकडे पाहायच्या आधी डोळे मिटले, मग उघडले.

नऊशे ऐंशी.

गाडीत आता कुणीच नव्हतं. डाव्या सीटची गादीही वर आली होती. काकांनी तिच्यावर हात ठेवला, ती गार होती. त्यांनी गाडीला कुलूप लावलं, किल्ली फाटकावरच्या माणसाकडे दिली आणि सांगितलं की ही भंगारात घाला. चिमणीनं एका शब्दानंही विरोध केला नाही.

"चला, मी सोडतो घरी," डॉक्टर म्हणाले. त्यांची मोठी घरगुती गाडी शेडसमोर उभी होती. ते चालकाच्या जागी बसले, डावीकडचा पुढचा दरवाजा आतून उघडून दिला. "काका, तुम्ही पुढे बसा. पाय पसरता येतील."

काका दरवाज्यापर्यंत गेले. पाय आत टाकणार, तोच चिमणीनं मागून त्यांची बाही धरली.

"बाबा, मागे या. माझ्याजवळ."

"का गं?"

तिनं पुढच्या सीटकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"पुढे जागा नाही."

काकांनी पाय मागे घेतला. ते उघड्या दारातून वाकून म्हणाले, "डॉक्टर, उतरा. मी चालवतो. ऐका माझं."

"तुम्ही? तुम्हाला धड उभं राहता येत नाहीये," डॉक्टर हसून म्हणाले. चिमणीनं काकांना मागच्या सीटवर ओढलं होतं, आणि त्यांच्या अंगात सोडवून घेण्याएवढं वजन उरलं नव्हतं. डॉक्टरांनी हात लांब करून पुढचा दरवाजा ओढून घेतला. काय बोलत होतो ते आठवत असल्यासारखे क्षणभर थांबले, आणि मग डावीकडे मान वळवून आपल्या दवाखान्यातली काहीतरी गंमत सांगू लागले.

घर साठ किलोमीटरवर होतं.