दोन आणि एक एकवीस

"आकडा आहे की अक्षर, एवढंच तपासायला लोक दुसऱ्याची लायब्ररी वापरतात! चार ओळींचं काम. लिहिणाऱ्याला वेळ जात नसेल, दुसरं काय!"

कॉफीच्या रांगेत पुढे उभा असलेला तरुण मित्राला हसत सांगत होता. मागे उभ्या असलेल्या चिमणीचे कान तापले. ती लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता यावा म्हणून नेटवर ठेवलेला तयार कोड, तिचीच होती. बारीक आवाजामुळे सगळे तिला चिमणी म्हणत, पण आज आवाज चांगलाच फुटला.

"चार नाही, अकरा ओळी. आणि वेळ जात नव्हता म्हणून नाही, चुका जात नव्हत्या म्हणून लिहिली!"

तो गर्रकन वळला. नुकतीच हातात आलेली कॉफी शर्टावर सांडली.

"म्हणजे... तुम्ही?"

"मीच."

तो कानांपर्यंत लाल झाला. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. घरी गेल्यावर मात्र शब्द सलत राहिले. खरंच, किती क्षुल्लक काम! नेटवरून काढूनच टाकू, तिने ठरवलं. ठरवलं, पण हात धजेना.

आठवड्याभराने, लायब्ररीच्या पानावरून पत्ता काढून, तो तिच्या ऑफिसच्या दारात उभा. हातात भलामोठा खोका.

"आमची बेकरी आहे. वेबसाइट मी सांभाळतो. त्या दिवशी घरी गेलो आणि... अक्कल पाजळायला तुमची लायब्ररी काढून माझ्या चार ओळी घातल्या."

"मग?"

"एका आजींनी दोन केक मागवले, नंतर आणखी एक वाढवला. तो दोनचा आकडा मशीनला अक्षर वाटला. बेरीज करायची सोडून त्याने दोनाला एक चिकटवला. बाबांनी एकवीस केक भाजले! त्यातलेच उरलेले या खोक्यात."

चिमणी खो-खो हसली. "बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या मुलीच्या पाया पड."

"वेळेवर आलात. आज काढूनच टाकणार होते मी ती."

त्याचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे? नका हो... मूर्खासारखं बोललो मी."

त्या आवाजातला कळवळा खरा होता. लायब्ररी राहिली.

मग तो येतच राहिला, दर वेळी नवी शंका घेऊन. ती समजावत राही, तो मान डोलावत राही. एकदा तिने पेन खाली ठेवलं.

"हे तर तुम्हाला येतं!"

"येतं."

"मग विचारता कशाला?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "समजावताना तुम्ही... म्हणजे तुमच्या कपाळावर बट येते, आणि तुम्ही ती फुंकरीनं उडवता... मला ते..."

"अरे, सरळ सांग की!"

तो दचकला. मग हळूच हसला.

"'सांग' म्हणालीस?"

चिमणीने जीभ चावली... पण शब्द काही मागे घेतला नाही.