सोमवारचा मेल

"तुमच्या अँटीव्हायरसनं आमचा मेल गिळला," मालकीणबाई तिला फोनवर म्हणाल्या. "ताबडतोब या. आणि येताना लेटरहेड आणा."

लेटरहेड! कॉम्प्युटर बघायला बोलवतात तेव्हा माणूस स्क्रू ड्रायव्हर आणतो, लेटरहेड नाही. म्हणजे निकाल आधीच लागला होता, फक्त तिची सही व्हायची होती. तिचं डोकं तिथेच फिरलं.

चाळीस ऑफिसांचे कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची. दहा वर्षांत कोणी तिला धड नावानं हाक मारली असेल तर शपथ. सगळीकडे एकच नाव, व्हायरसवाली. जणू काही व्हायरस हीच घरोघर वाटत फिरते.

ऑफिस लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं होतं. पुढे मालकीणबाईंची केबिन, मागे मिस्त्रीचं वर्कशॉप, मध्ये तपासनीस काकांचं टेबल. तिघांच्या जागी तीन कॉम्प्युटर. भिंतीला लागून फायलींचं कपाट, कारण मालकीणबाईंचा विश्वास फक्त कागदावर. आलेला आणि गेलेला प्रत्येक मेल छापून फाइलला लावायचा, हा त्यांचा नियम.

मालकीणबाईंनी एक छापील पान तिच्यापुढे सरकवलं. "हे वाचा."

वर काकांचं नाव, सोमवार, तारीख अकरा, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. खाली एका इमारतीचा पत्ता आणि मिस्त्रीला उद्देशून दोन ओळी: 'लिफ्टचा ब्रेक झिजला आहे. दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी.' आणि तळाला बारीक अक्षरांत अँटीव्हायरसनं आपोआप जोडलेली ओळ: 'पाठवण्यापूर्वी तपासले. व्हायरस नाही. यादी: तारीख १४.' असली ओळ त्या ऑफिसच्या प्रत्येक कागदावर होती, त्यामुळे ती कोणी वाचत नसे.

"लिफ्ट बंद झाली नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "गुरुवारी, चौदा तारखेला दुपारी ती घसरली आणि खाली खड्ड्यात आपटली. आत सफाईचं काम करणारी बाई होती. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला."

"अरे देवा. आणि मिस्त्री काय म्हणतो?"

"मेल आलाच नाही म्हणतो. काका म्हणतात, अँटीव्हायरसनं गिळला असेल. मी म्हणते, वाचला, आळस केला आणि नंतर पुसून टाकला. अँटीव्हायरसनं गिळला असेल तर तसं लेटरहेडवर लिहून द्या, नाहीतर बारा वाजता त्याला काढून टाकणार आहे. पत्र तयार आहे."

व्हायरसवालीनं घड्याळ बघितलं. सव्वादहा.

मिस्त्री वर्कशॉपच्या दारात उभा होता. आठ दिवस झोप नसल्यासारखा चेहरा.

"ती सफाईवाली कोण, माहीत आहे ना?" त्यानं विचारलं. "माझी सख्खी बहीण आहे, ताई. माझा भाऊ लिफ्ट बघतो म्हणून बिनधास्त चढायची. आता तिला कोणीतरी सांगितलंय की मला आधीच कळवलं होतं. आठ दिवस हॉस्पिटलात जातोय, तर भिंतीकडे तोंड करून पडते. नोकरी गेली तर गेली. पण तिनं असं समजावं?"

व्हायरसवाली त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसली.

"पासवर्ड?"

"तो काय, वर चिकटवलाय."

खरंच, स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली. तिनं कपाळावर हात मारला. "दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवायची, धन्य आहे तुमची!"

एवढ्यात काका आले. साठीला टेकलेले, गोड बोलणारे. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला.

"अगं पोरी, कशाला एवढी खोदतेस? लिहून दे की मेल अँटीव्हायरसनं अडवला. मिस्त्रीची नोकरी वाचेल, माझ्यावरही काही नाही, मशीनवर खापर फुटलं तर बिघडलं कुठे? मशीनला काय पोरंबाळं आहेत?"

"मला आहेत ना, काका! मी असं लिहून दिलं तर उद्या चाळीस ऑफिसं मला दारात उभी करणार नाहीत. आणि अँटीव्हायरस असा मुकाट्यानं मेल गिळत नाही. येणारा मेल तो दारातच उघडून बघतो. संशय आला तर कोंडून ठेवतो, नाही आला तर आत सोडतो. पण दोन्ही वेळा वहीत नोंद करतो. तुम्ही नंतर मेल पुसलात तरी नोंद राहते."

"मग बघ बाई तुझी वही," काका म्हणाले.

तिनं बघितलं. सोमवार, अकरा तारीख. आलेले मेल बारा. काकांकडून एकही नाही. कोंडलेला एकही नाही. आधीचे चार दिवसही बघितले, कोंडवाडा रिकामा.

मग ती काकांच्या कॉम्प्युटरकडे गेली. जाणारे मेल. सोमवार, दहा वाजून दहा. मिस्त्रीला. तपासला, स्वच्छ, रवाना.

घ्या! इथून निघाला, तिथे पोचला नाही. तिनं सगळं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. अकरा वाजून गेले. चहावर साय धरली. स्वतःचाच राग यायला लागला तिला. आपणच बसवलेलं अँटीव्हायरस आपल्याच तोंडावर खोटं बोलतंय, आणि तो बिचारा मिस्त्री दर पाच मिनिटांनी डोकावून जातोय.

"झालं का?" मालकीणबाईंनी केबिनमधून विचारलं. "काय लिहिताय?"

"डोंबल लिहितेय!" ती ओरडली, आणि मग जीभ चावली.

रागानं तिनं ते छापील पान उचललं. पुन्हा वाचलं. तारीख वाचली, मजकूर वाचला. आणि जी ओळ दहा वर्षं तीही कधी वाचत नव्हती, ती वाचली.

ती तिथेच खुर्चीत बसली. मग उठून सरळ केबिनमध्ये गेली.

"मालकीणबाई, गुरुवारी अपघातानंतर कोण कुठे होतं?"

"मी आणि मिस्त्री हॉस्पिटलात. तीनपासून रात्रीपर्यंत."

"आणि ऑफिसात?"

"काका. फोन घ्यायला कोणीतरी हवंच होतं ना?"

"हा कागद फाइलला कधी लागला?"

मालकीणबाई विचारात पडल्या. "शुक्रवारी काकांनी आणून दिला. सोमवारी छापायचा राहिला म्हणाले."

व्हायरसवाली पुन्हा वर्कशॉपमध्ये गेली. तीच वही. पण या वेळी सोमवार नाही. गुरुवार उघडला. दोनच मिनिटांनी तिनं तिघांना तिथे बोलावलं. पावणेबारा झाले होते.

"मेल आला होता," ती म्हणाली.

मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. मालकीणबाईंनी "बघा!" म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा. गुरुवारी आला. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. काकांकडून, मिस्त्रीला. तपासला, स्वच्छ, आत सोडला. ही नोंद बघा. आपण सगळे सोमवार सोमवार करत बसलो, मीसुद्धा. गुरुवार कोणी बघितलाच नाही."

"पण कागदावर सोमवार आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"कॉम्प्युटर आपल्या घड्याळावरून तारीख घालतो. घड्याळ मागे नेलं की तो मुकाट्यानं सोमवार लिहितो. अँटीव्हायरसनं जाणाऱ्या मेलची नोंदसुद्धा त्याच घड्याळावरून केली, म्हणून तिथेही सोमवार दिसतो. तिथेच मी तासभर फसले. पण ही तळाची ओळ घड्याळावरून येत नाही. अँटीव्हायरसची कंपनी रोज सकाळी नव्या व्हायरसांची यादी पाठवते. यादीवर तारीख कंपनीच घालते. मेल कोणत्या यादीनं तपासला, ते खाली छापलं जातं." तिनं कागद पुढे धरला. "यादी, तारीख चौदा. अकरा तारखेला गेलेला मेल चौदा तारखेच्या यादीनं कसा तपासला जाईल? ती यादी तेव्हा जन्मालाही आली नव्हती."

तिनं वहीतल्या गुरुवारच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"मेल पाठवल्यावर काका इथे आले. पासवर्ड तर समोर चिकटवलेलाच. आलेला मेल पुसला, म्हणजे तो गुरुवारी आला हे कोणाला दिसू नये. मग आपल्या कॉम्प्युटरचं मागे नेलेलं घड्याळ पुन्हा पुढे आणून ठेवलं. बरोबर ना, काका?"

काका स्टुलावर बसले.

"सोमवारी मी ब्रेक बघितला होता," ते म्हणाले. "झिजलेला दिसला. ऑफिसला येऊन मेल करायचा म्हणून निघालो. वाटेत दुसऱ्या साइटचा फोन आला आणि... विसरलो रे. अगदी साफ विसरलो. गुरुवारी बातमी आली तेव्हा आठवलं. छत्तीस वर्षं, आणि शेवटच्या चार महिन्यांत हे. मिस्त्रीला काढतील असं वाटलं नव्हतं. म्हणून तर मशीनचं नाव घेत होतो."

"माझं नाव घेत होतात, काका," व्हायरसवाली म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि त्याचाही राग येत होता.

मालकीणबाईंनी बरोबर आणलेलं, मिस्त्रीला काढण्याचं पत्र फाडलं. चार तुकडे केले, ते हातातच राहिले. "मिस्त्री, माझी चूक झाली. मी येते हॉस्पिटलात. तुमच्या बहिणीला मी स्वतः सांगते."

"नको," मिस्त्री म्हणाला. तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. ओरडला नाही. "काका, मेलचं सोडा. नुसता फोन करून सांगितलं असतं, तरी मी पळत जाऊन लिफ्ट बंद केली असती. माझी बहीण आहे तिथे, हे तुम्हाला माहीत होतं."

त्यानं दार उघडलं.

"चला," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही सांगायचं तिला."

"काय सांगू रे मी तिला?"

"जे सोमवारी मला सांगायचं राहिलं, ते."