रिकाम्या खोलीची शांतता

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ, आणि थापा मारणं त्याच्या रक्तातच नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, वीजही गेलेली नव्हती. डोंगराच्या कुशीतल्या त्या घरात, भर दुपारी, सगळे जागे असताना हे घडलं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

दादाला घरात सगळे कानसेन म्हणतात. त्याचं कामच कानाचं. लोकांनी रेकॉर्ड केलेली भाषणं त्याच्याकडे येतात आणि तो त्यातलं खोकणं, खाकरणं, गाड्यांचे हॉर्न काढून टाकतो. पंगतीत शेजारच्याने मचमच केली तरी याचा घास घशात अडकतो.

मोठं शहर त्याने सोडलं ते लेकीपायी. तिला दमा होता. धुराधुळीने पोरीचा जीव मेटाकुटीला यायचा. श्वास सोडताना शेवटी एक बारीक शीळ वाजायची. ती ऐकत दादाने कितीतरी रात्री भिंतीला टेकून काढल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, हवा बदला.

म्हणून हे घर. चहूकडे झाडंच झाडं.

सामान घेऊन तो एकटाच पुढे आला. वहिनी आणि लेक मागाहून यायच्या होत्या. रिकाम्या घरात शिरल्या शिरल्या त्याने लेकीसाठी ठरवलेल्या खोलीत रेकॉर्डर सुरू करून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

तुम्ही म्हणाल, रिकाम्या खोलीत काय रेकॉर्ड करायचं?

शांतता. त्याच्या धंद्यात तीही लागते. भाषणातला खोकला कापला की तिथे भोक पडतं, आणि त्याला ठिगळ लावायचं ते शांततेचंच. इतकी नितळ शांतता शहरात कुठली मिळायला?

पुढे टेम्पोवाल्याबरोबर कपाटं उतरवण्याच्या गडबडीत तो रेकॉर्डर विसरला. आठवण झाली तोवर बॅटरी संपून तो आपोआप बंद पडला होता.

लेक आली आणि बघता बघता तिचे गाल भरले. दम्याचा पंप कपाटात गेला. अंगणातल्या झाडाला झोका बांधला, आणि पोरगी दिवसभर त्याच्यावरच. वहिनी म्हणायच्या, शहर सोडल्याचं सार्थक झालं.

दादाच्या कानाला मात्र एक गोष्ट खुपायची.

समोरच्या उतारावर पाखरांचा नुसता कलकलाट असायचा. पण या घराच्या झाडांवर पाखरं यायची, बसायची, खाली बघायची…

आणि एकही ओरडायचं नाही.

त्या दुपारी त्याला एका भाषणासाठी ठिगळ हवं होतं. त्याने हेडफोन लावले आणि त्या खोलीची फाइल उघडली.

सुरुवातीला काहीच नाही. मग…

श्वास.

त्याने हेडफोन काढले. घर शांत होतं. बाहेर लेकीचा झोका करकरत होता.

पुन्हा लावले.

श्वास आत गेला… बाहेर आला… आणि शेवटी बारीक शीळ.

ही शीळ तो हजार लोकांत ओळखेल. पण त्या दिवशी लेक इथे नव्हतीच! ती शहरात होती, आईजवळ.

त्याने मनाची समजूत घातली. जुनं काहीतरी मिसळलं असेल. आणि मग हाताच्या सवयीने, दिवसातून शंभर वेळा करतो तसं, त्याने तो श्वास निवडला आणि पुसून टाकला.

झोक्याची करकर थांबली.

मग वहिनींची हाक आली. "अहो, लवकर या!"

लेक झोक्याखाली पडली होती. तोंड उघडं, ओठ निळे. वहिनींनी धावत जाऊन पंप आणला, तोंडात मारला. काही उपयोग नाही. दादाने तिच्या तोंडाशी कान नेला.

दम लागलेलं माणूस आवाज करतं. घरघर होते, शीळ वाजते. इथे काहीच नव्हतं. इतकी स्वच्छ शांतता त्याने आत्ताच, आपल्या हाताने तयार केली होती.

तो उठला आणि आत पळाला. "पोरीला टाकून कुठे निघालात?" वहिनी मागून किंचाळल्या. त्याने पुसलेलं परत आणलं.

बाहेरून एक लांब श्वास ऐकू आला…

शिळेसकट.

त्या संध्याकाळी वहिनींनीही ती फाइल ऐकली. फक्त सुरुवात. पुढे ऐकायचा दोघांनाही धीर झाला नाही.

पण गोष्ट अशी आहे की ऐकावं लागतच नाही. कॉम्प्युटरवर आवाज रेघेसारखा दिसतो. आवाज असेल तिथे रेघ वरखाली होते, नसेल तिथे सरळ जाते. फाइल उघडली की सगळी रेघ समोर येते, अगदी शेवटापर्यंत.

रेघ कुठे सरळ होते ते दिसू नये म्हणून दादाने पडद्याच्या उजव्या बाजूला पुठ्ठा चिकटवला. ती फाइल तो कधी बंद करत नाही. बंद करताना चुकून काही झालं तर? कामासाठी त्याने दुसरा कॉम्प्युटर घेतला. शहरात परतायचं म्हटलं तर तिथल्या धुराची भीती, इथे राहायचं तर त्या खोलीची.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. पुठ्ठा मी बघितला, पण त्याविषयी विचारायची हिंमत झाली नाही. दादा दूध आणायला गेला तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यांना सांगू नका. मी एकदा पुठ्ठा उचलून बघितला."

"श्वास कुठवर आहे, वहिनी?"

त्या उठून दाराशी गेल्या आणि लेकीला हाक मारली. ती नुकतीच खेळायला गेली होती, कुरकुरत आत आली. वहिनींनी तिला मांडीवर ओढून घट्ट धरलं.

"आई, सोड ना," ती म्हणत होती.

वहिनी सोडत नव्हत्या.